प्रायोगिक गटांतील फरकांचे विश्लेषण : सांख्यिकीय तुलनेची निवड

प्रस्तावना

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान इत्यादी विद्याशाखांतील प्रायोगिक संशोधनाचा आराखडा बहुतांशी ठरलेला असतो. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट, दोन्ही गटांची पूर्व चाचणी, त्यानंतर काही आठवड्यांचा उपक्रम आणि अखेरीस उत्तर चाचणी. प्राप्त गुणांची मध्यमाने व प्रमाण विचलने काढली जातात, टी-परीक्षिकेचा वापर केला जातो आणि ०.०५ या सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग अथवा स्वीकार केला जातो. आकडेमोड आता संगणक करीत असल्याने ती सहसा चुकत नाही. चूक होते ती त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे कोणत्या दोन संख्यांची परस्परांशी तुलना करावयाची हे ठरविताना. तुलनाच चुकीची निवडली गेली असेल, तर अचूक आकडेमोडीतूनही उपक्रमाच्या परिणामकारकतेविषयी निराधार निष्कर्ष निघतो आणि असा निष्कर्ष पुढे शिफारशीच्या रूपाने वर्गापर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात गटांतील फरकांचे विश्लेषण करताना योग्य तुलना कशी निवडावी, याचे विवेचन केले आहे.

दोन स्वतंत्र निर्णय म्हणजे तुलना नव्हे

अनेक प्रबंधिकांत पुढील मांडणी आढळून येते. प्रायोगिक गटाच्या पूर्व व उत्तर चाचणीच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला. नियंत्रित गटाच्या पूर्व व उत्तर चाचणीच्या मध्यमानांत सार्थक फरक आढळला नाही. सबब उपक्रम परिणामकारक आहे. वरवर पाहता ही मांडणी तर्कशुद्ध वाटते. प्रत्यक्षात तीत दोन्ही गटांची परस्परांशी तुलना कोठेही झालेली नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येक गटात ३० विद्यार्थी आहेत. प्रायोगिक गटाची सरासरी गुणवाढ ५ गुण व नियंत्रित गटाची ३ गुण असून दोन्ही गटांत गुणवाढीचे प्रमाण विचलन १० आहे. प्रत्येक गटातील सरासरी गुणवाढीची प्रमाण त्रुटी १० भागिले ३० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.८३ येते. प्रायोगिक गटाचे टी मूल्य २.७४ आहे. २९ स्वाधीनता मात्रेसाठी सारणी मूल्य २.०४५ असल्याने ही वाढ सार्थक ठरते. नियंत्रित गटाचे टी मूल्य १.६४ असल्याने त्याची वाढ सार्थक ठरत नाही. नेहमीची मांडणी येथेच थांबते व उपक्रम यशस्वी ठरविते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका गटाची वाढ दुसऱ्या गटाच्या वाढीपेक्षा अधिक आहे काय, हा तो प्रश्न होय. दोन गुणवाढींतील फरक २ गुणांचा आहे. या फरकाची प्रमाण त्रुटी २.५८ आहे, ती प्रत्येक गटाच्या त्रुटीपेक्षा मोठी असते, कारण तीत दोन्ही गटांची अनिश्चितता सामावलेली असते. टी मूल्य येते केवळ ०.७७. फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल उणे ३.१७ पासून ७.१७ पर्यंत पसरतो. अर्थात उपक्रमामुळे सात गुणांचा लाभ झाला असणे शक्य आहे, तसेच तीन गुणांचे नुकसान झाले असणेही शक्य आहे. एवढ्या माहितीवरून काहीही ठामपणे सांगता येत नाही, हाच येथील प्रामाणिक निष्कर्ष होय.

अँड्र्यू गेलमन व हाल स्टर्न यांनी २००६ मध्ये 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला. 'सार्थक' व 'असार्थक' यांतील फरक स्वतः सार्थक असेलच असे नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा दोष केवळ नवख्या संशोधकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. निउवेनहाउस, फोर्स्टमन व वागेनमेकर्स यांनी २०११ मध्ये मज्जाविज्ञानातील ५१३ लेख तपासले. हे लेख 'सायन्स' व 'नेचर' यांसह पाच अग्रगण्य नियतकालिकांतील होते. त्यांपैकी १५७ लेखांत ही चूक करण्याची संधी होती. ७८ लेखांनी योग्य पद्धत वापरली होती, तर ७९ लेखांनी चुकीची.

ही चूक किती वेळा घडू शकते, याचा अंदाज साध्या संभाव्यतेवरून बांधता येतो. समजा उपक्रमाचा काहीही परिणाम नाही, परंतु वय, सराव व नियमित अध्यापन यांमुळे दोन्ही गटांची खरी वाढ सारखीच आहे आणि ती 'सार्थक' ठरण्याची शक्यता प्रत्येक गटात निम्मी आहे. अशा वेळी एका गटात सार्थक व दुसऱ्यात असार्थक असा निकाल येण्याची संभाव्यता ५० टक्के असते आणि त्यातील निम्म्या वेळा कौल प्रायोगिक गटाच्या बाजूने लागतो. म्हणजेच ५ टक्के धोका पत्करल्याचे लिहिणारा संशोधक प्रत्यक्षात २५ टक्के धोका पत्करीत असतो. मार्टिन ब्लँड व डग्लस ऑल्टमन यांनी २०११ मध्ये वैद्यकीय प्रयोगांच्या संदर्भात हाच इशारा दिला होता.

उपचारात्मक अध्यापनावरील संशोधनात या चुकीला आणखी एक साथीदार मिळतो. पूर्व चाचणीत कमी गुण मिळविणारे विद्यार्थी निवडले, तर पुढील चाचणीत त्यांचे गुण कोणत्याही उपायाविना सरासरीकडे सरकतात. वर्गाचे मध्यमान ५० असून दोन्ही चाचण्यांतील सहसंबंध ०.६ आहे व निवडलेल्या विद्यार्थ्यांचे मध्यमान ३० आहे, असे मानू. दोन्ही चाचण्यांचे मध्यमान व प्रमाण विचलन सारखे असता, या विद्यार्थ्यांचे पुढील चाचणीतील अपेक्षित मध्यमान ३८ येते. आठ गुणांची ही 'प्रगती' कोणीही काहीही न शिकविता होते. एका गटाच्या पूर्व व उत्तर चाचणीची तुलना या आठ गुणांचे श्रेय उपक्रमाला देऊन मोकळी होते. त्याच निकषाने निवडलेला नियंत्रित गट असेल व दोन्ही गटांची परस्परांशी तुलना केली, तरच हा भाग वजा होतो.

उपगटांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. 'मुलींत सार्थक फरक आढळला, मुलांत आढळला नाही, म्हणून हा उपक्रम मुलींसाठी अधिक उपयुक्त आहे' हे विधान लिंगभाव व उपक्रम यांच्यातील आंतरक्रियेविषयीचे आहे. ते आंतरक्रियेच्या परीक्षिकेनेच तपासावे लागते. यासंबंधी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या वैद्यकीय प्रयोगाचे उदाहरण बोलके आहे. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेल्या १७,१८७ रुग्णांवरील या प्रयोगात ॲस्पिरिनमुळे मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे घटल्याचे दिसले. उपगटांचे विश्लेषण किती फसवे असते हे दाखविण्यासाठी संशोधकांनी जन्मतारखेवरून रुग्णांची राशीनिहाय विभागणी केली, तेव्हा मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ होत नसल्याचे 'आढळले'. राशिभविष्यावर विश्वास असणाऱ्यांनीही या आधारे औषध बंद करू नये, हे सांगण्याची गरज नाही.

पूर्व चाचणीचा योग्य उपयोग

पूर्व चाचणी व उत्तर चाचणी हाती असता तीन तुलना संभवतात : केवळ उत्तर चाचणीच्या मध्यमानांची, गुणवाढीच्या मध्यमानांची आणि पूर्व चाचणीचे गुण सहचल मानून सहप्रचरण विश्लेषणाद्वारे केलेली. विद्यार्थ्यांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने झाली असेल, तर तिन्ही तुलना एकाच प्रश्नाचे उत्तर देतात. त्यांच्यात फरक असतो तो अचूकतेचा. उत्तर चाचणीचे प्रचरण १ मानले व दोन्ही चाचण्यांचे प्रचरण समान धरले, तर गुणवाढीचे प्रचरण २ गुणिले (१ वजा सहसंबंध) इतके व सहप्रचरण विश्लेषणातील शेष प्रचरण १ वजा सहसंबंधाचा वर्ग इतके असते. सहसंबंध ०.४ असेल तर गुणवाढीचे प्रचरण १.२ येते. म्हणजे गुणवाढ काढल्याने विश्लेषण सुधारण्याऐवजी बिघडते! सहप्रचरण विश्लेषणात तेच ०.८४ असते. सहसंबंध ०.५ असता गुणवाढ व उत्तर चाचणी समसमान ठरतात, तर सहप्रचरण विश्लेषण ०.७५ वर असते. सहसंबंध ०.७ असता हेच आकडे अनुक्रमे ०.६, १ व ०.५१ असे येतात. सहप्रचरण विश्लेषण कोणत्याही स्थितीत मागे पडत नाही. यादृच्छिक गटवारी असता त्यालाच प्राधान्य द्यावे, हे यावरून उघड होते.

गट यादृच्छिक नसतील, तर चित्र पालटते. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये मांडलेला विरोधाभास येथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या कल्पित उदाहरणात विद्यापीठाच्या भोजनगृहातील आहाराचा मुलामुलींच्या वजनावरील परिणाम पाहावयाचा आहे. सप्टेंबर ते जून या काळात दोन्ही गटांचे सरासरी वजन बदललेले नाही. वजनवाढीची तुलना करणारा पहिला संख्याशास्त्रज्ञ फरक नसल्याचे सांगतो. सहप्रचरण विश्लेषण करणारा दुसरा संख्याशास्त्रज्ञ मात्र सार्थक फरक असल्याचे सांगतो. दोघांच्याही आकडेमोडीत चूक नाही. गट मुळातच भिन्न असल्याने 'उपक्रम नसता तर काय झाले असते' याविषयी दोघांनी वेगवेगळी गृहीतके धरलेली आहेत आणि त्यांतील कोणते खरे, हे गुणांच्या तक्त्यातून कळू शकत नाही. ते विषयाच्या ज्ञानावरूनच ठरवावे लागते.

याच संदर्भात एका रूढ सवयीचा उल्लेख करावयास हवा. दोन्ही गटांच्या पूर्व चाचणीवर टी-परीक्षिका लावून 'सार्थक फरक नाही, म्हणून गट समान आहेत' असे लिहिले जाते. फरक सिद्ध न होणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे. लहान गटांत तर मोठे फरकही असार्थक राहतात. गटवारी चिठ्ठ्या टाकून केली असेल, तर पूर्व चाचणीतील फरक योगायोगानेच आलेला आहे हे आधीपासूनच ठाऊक असते. त्याची परीक्षा घेऊन काय साध्य होते?

तीन किंवा अधिक गट

तीन अध्यापन पद्धतींची तुलना करताना तीन टी-परीक्षिका, चार पद्धतींसाठी सहा व पाच पद्धतींसाठी दहा अशी संख्या वाढत जाते. प्रत्येक परीक्षिकेत ५ टक्के धोका असून त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानले, तर सहांपैकी किमान एक निकाल खोटा सार्थक ठरण्याची संभाव्यता २६.५ टक्के व दहांसाठी ४०.१ टक्के होते. एकच मध्यमान अनेक तुलनांत येत असल्याने प्रत्यक्ष धोका याहून काहीसा कमी असतो. तथापि तो ५ टक्के निश्चितच राहत नाही.

यावर प्रचरण विश्लेषण करा, असे उत्तर पाठ्यपुस्तके देतात. ते अपुरे आहे. एफ मूल्य सार्थक आले म्हणजे सर्व मध्यमाने समान नाहीत एवढेच कळते. कोणते कोणापेक्षा भिन्न, हे कळत नाही. संशोधकाचा प्रश्न बहुधा त्याहून नेमका असतो. पारंपरिक पद्धत हा नियंत्रित गट असून तीन नव्या पद्धतींची प्रत्येकी त्याच्याशीच तुलना करावयाची असेल, तर सहांऐवजी तीनच तुलना उरतात आणि चार्ल्स डनेट यांनी १९५५ मध्ये दिलेली परीक्षिका त्यासाठीच आहे. प्रत्येक पद्धतीची दुसऱ्या प्रत्येक पद्धतीशी तुलना हवी असेल, तर टुकी यांची परीक्षिका योग्य ठरते. 'दृक्श्राव्य साधने वापरणाऱ्या दोन पद्धतींचे एकत्रित मध्यमान पारंपरिक पद्धतीपेक्षा अधिक आहे काय' असा एकच प्रश्न आधीपासून ठरलेला असेल, तर त्या एका नियोजित तुलनेची परीक्षा थेट घेता येते. आकडे पाहिल्यानंतर सुचलेल्या तुलनांसाठी शेफे यांची १९५३ ची पद्धत आहे. ती कठोर आहे. पण आकडे पाहून प्रश्न ठरविणाऱ्याने तेवढी किंमत मोजणे न्याय्यच होय.

बाँफेरोनी सुधारणा सर्वांत सोपी असल्याने ती सर्रास वापरली जाते : सार्थकता स्तराला तुलनांच्या संख्येने भागावयाचे. परंतु स्टुरे होल्म यांनी १९७९ मध्ये दिलेली पायरीवार पद्धत तेवढेच संरक्षण देऊन अधिक फरक पकडते. तीन तुलनांची पी मूल्ये ०.०१०, ०.०२० व ०.०४० आहेत असे समजू. बाँफेरोनी सुधारणेनुसार मर्यादा ०.०१६७ असल्याने केवळ पहिली तुलना सार्थक ठरते. होल्म पद्धतीत सर्वांत लहान मूल्य ०.०१६७ शी, दुसरे ०.०२५ शी व तिसरे ०.०५ शी ताडून पाहतात. येथे तिन्ही तुलना सार्थक ठरतात. एखाद्या पायरीवर मूल्य मर्यादेबाहेर गेले, तर तेथेच थांबावे लागते.

कृषी संशोधनात 'क्रांतिक फरक' काढून मध्यमानांची तुलना करण्याची परंपरा दृढ आहे. व्ही. जी. पानसे व पां. वा. सुखात्मे यांचा १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रकाशित केलेला ग्रंथ कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी वापरला. क्रांतिक फरक म्हणजे फिशर यांचा किमान सार्थक फरकच होय. मोजक्या व पूर्वनियोजित तुलनांसाठी तो उपयुक्त आहे. वीस वाणांच्या चाचणीत एकूण १९० जोड्या होतात. तेथे प्रत्येक जोडीला तोच मापदंड लावणे मात्र समर्थनीय ठरत नाही.

गटांची प्रचरणे विषम असतील व गटांचा आकारही भिन्न असेल, तर नेहमीच्या टी-परीक्षिकेऐवजी वेल्च यांची परीक्षिका वापरावी. लहान गटात विखुरण अधिक असेल, तर नेहमीची परीक्षिका फरकाला अवाजवी सार्थक ठरविते. मॅन-व्हिटनी परीक्षिका मध्यमानांची तुलना करीत नाही, एवढे येथे नोंदविणे पुरे आहे.

तुलनेचे एकक

लॅनार्कशायर येथील दुधाचा प्रयोग सांख्यिकीच्या इतिहासात गाजला. स्कॉटलंडमधील या परगण्यात १९३० मध्ये ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुलांवर चार महिने हा प्रयोग झाला. ५,००० मुलांना निरसे दूध, ५,००० मुलांना पाश्चरीकृत दूध देण्यात आले व १०,००० मुले नियंत्रित गटात होती. प्रारंभी व अखेरीस उंची व वजन मोजण्यात आले. 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ मध्ये टी-परीक्षिकेचा पाया घालणारे विल्यम सीली गॉसेट यांनी १९३१ मध्ये 'बायोमेट्रिका'त या प्रयोगाची परखड चिकित्सा केली. गटवारी चिठ्ठ्या टाकून अथवा वर्णानुक्रमे झाली होती खरी. परंतु एखाद्या गटात सुदृढ किंवा कुपोषित मुले अधिक वाटल्यास अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकांनी बहुधा कणवेपोटी हडकुळ्या मुलांना दुधाच्या गटात घातले असावे. परिणामी नियंत्रित गटातील मुले प्रारंभीच अधिक उंच व वजनदार निघाली. शिवाय वजने फेब्रुवारीत हिवाळी कपड्यांनिशी व जूनमध्ये हलक्या कपड्यांनिशी घेतली गेली.

तथापि तुलनेच्या निवडीच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक आक्षेप अधिक मार्मिक आहे. कोणत्याही एका शाळेत एकाच प्रकारचे दूध दिले जात होते. त्यामुळे दूध घेणारी व न घेणारी मुले यांची तुलना एकाच शाळेच्या आत होत होती. निरसे व पाश्चरीकृत यांची तुलना मात्र वेगवेगळ्या शाळांतील मुलांची होती. मुले हजारोंनी असली, तरी या दुसऱ्या तुलनेचे एकक शाळा हेच होते. एकाच प्रयोगातील दोन तुलनांची विश्वासार्हता किती भिन्न असू शकते, हे यातून दिसते. गॉसेट यांनी सुचविलेला पर्याय असा की, एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेऊन जोडीतील एकाला एक व दुसऱ्याला दुसरे दूध द्यावे. त्यातून अल्प खर्चात अधिक भरवशाचे उत्तर मिळेल.

महाराष्ट्रातील शालेय प्रयोगांत 'अ' तुकडी प्रायोगिक व 'ब' तुकडी नियंत्रित ठरविणे ही सर्वाधिक रूढ रचना आहे. तिला हाच आक्षेप लागू होतो. एका तुकडीतील विद्यार्थ्यांना शिक्षक, वेळापत्रक व वातावरण समान असल्याने त्यांचे गुण परस्परांशी निगडित असतात. तुकडीत ४० विद्यार्थी असून तुकडीअंतर्गत सहसंबंध ०.१ इतका अल्प असला, तरी मध्यमानाचे प्रचरण १ अधिक ३९ गुणिले ०.१, म्हणजे ४.९ पटीने वाढते. दोन तुकड्यांतील ८० विद्यार्थी माहितीच्या दृष्टीने सुमारे १६ विद्यार्थ्यांइतकेच ठरतात. त्यातही प्रत्येक बाजूस एकच तुकडी असल्याने तुकडीचा प्रभाव व उपक्रमाचा प्रभाव परस्परांपासून वेगळा करणारी कोणतीही परीक्षिका अस्तित्वात नाही. येथे ७८ स्वाधीनता मात्रा लिहिणे म्हणजे नसलेली माहिती असल्याचे भासविणे होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला बारा-पंधरा शाळा मिळविणे अवघड असते, हे मान्य करावे लागेल. पण दोनच तुकड्या उपलब्ध असतील, तर प्रत्येक तुकडीतील विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून दोन भागांत विभागणी करता येते आणि शाळेच्या वेळेबाहेर किंवा स्वतंत्र तासिकेत उपक्रम राबविता येतो. मग तुलना तुकडीच्या आत होते व तुकडीचा घटक विश्लेषणात समाविष्ट करता येतो. हजेरीपटाचे सरळ दोन भाग पाडणे मात्र टाळावे. हजेरीपटावर मुलांची नावे आधी व मुलींची नंतर असल्यास पहिला भाग मुलांचा व दुसरा मुलींचा होऊन बसतो. स्वाध्यायपुस्तिका किंवा संगणकीय स्वयंअध्ययन साहित्य यांसारख्या वैयक्तिक उपक्रमांसाठी ही रचना सहज शक्य आहे. संपूर्ण वर्गाला एकत्रच द्यावयाच्या अध्यापन पद्धतीसाठी ती शक्य नसते. अशा वेळी संशोधन आराखड्यातच 'प्रत्येक बाजूस एक तुकडी' ही मर्यादा नमूद करावी, फरक व त्याचा विश्वास अंतराल वर्णनात्मक स्वरूपात द्यावा आणि परिकल्पनेच्या त्यागाची भाषा वापरू नये. मुख्य तुलना कोणती, सहचल कोणता व उपगट कोणते, हेही आराखडा मान्यतेसाठी सादर करताना, म्हणजे पूर्व चाचणीचा पहिला गुण नोंदविला जाण्यापूर्वी, लिहून ठेवले पाहिजे.